वाळली का गाडी

सकाळी आठला ड्यूटी सुटते.
इस्पितळापासून अशोक चौकामागच्या आमच्या गल्लीपर्यंत
अकरा मिनिटं.
गाडी दारात लावते, प्लग खोचते,
आणि आम्ही दोघी झोपतो.
ती खाली, पत्र्याच्या सावलीत,
मी वर, ओल्या चादरीखाली.
लोक विचारतात, कायमची रात्रपाळी जमते कशी?
सूर्याची दिवसपाळी आहे, म्हणते,
मला चार्ज त्याच्याकडूनच घ्यावा लागतो.

गच्चीवर आठ पॅनेल.
आधी तिथं बांबू होते,
बांबूंवर सुताच्या लडी, पोपटी, राणी, जांभळ्या,
नान्नांच्या रंगखात्यातून ओल्याच वर आलेल्या.
त्यांच्याखालून वाकून मी शाळेत निघायचे,
वेणीवर एखादा थेंब पडायचा.
बाई विचारायच्या, काय गं येमूल,
तुमच्याकडे रोजच रंगपंचमी?

पॅनेल बसवायला होटगी रोडचा एक पोरगा आला.
आजोबा, ऊन फार झालं तरी चालत नाही,
फार तापलं की हेपण थकतं,
युनिट पडतात.
त्याला वाटलं, म्हातारा चकित होईल.
नान्ना म्हणाले, मग काय तर.
चैत्रात बाराच्या उन्हात राणी रंग बाहेर ठेव,
चारला गुलाबी होतो,
सहाला नुसता लाजतो.
ऊन फुकट असतं रे,
पण घेता आलं पाहिजे.

तेव्हापासून पॅनेल त्यांचे.
सकाळी सहाला टॉवेलचा तुकडा घेऊन वर जातात.
नळाला चार दिवसांआड पाणी,
तरी अर्धी बादली पॅनेलच्या नावाने बाजूला,
अम्मानेसुद्धा हात लावायचा नाही.
रंगखातं बंद होऊन अकरा वर्षं झाली,
नखं किती वाढली, किती कापली,
कडेला निळी रेघ आहेच.
संध्याकाळी खाली येऊन
बॉनेटवर तळवा ठेवतात.
वाळली का गाडी?
एकोणऐंशी टक्के, मी सांगते.
म्हणजे जराशी ओलसर आहे, म्हणतात.

मे महिन्यातला एक मंगळवार. दुपारचे साडेबारा.
डांबर चपलेला चिकटत होतं
आणि लाइट गेली.
पंखा थांबला म्हणून मला जाग आली.
खाली नान्ना. चार्जरचा हिरवा दिवा विझलेला.
कपाळावर हात धरून ते वर बघत होते,
लडी बाहेर असताना आभाळ भरलं की बघायचे, तसे.
ढग एकही नव्हता.
सूर्य तर आहे ना ड्यूटीवर?
मग हे का बंद?

मी झोपेतच सांगितलं,
कुठंतरी तार तुटली असेल,
वायरमन खांबावर चढला असेल.
आपल्या गच्चीवरची वीज त्या तारेत गेली
तर त्याच्या हातात जाईल.
म्हणून लाइट गेली की आपलं मशीन
आपणहून हात मागे घेतं.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, आपल्या खात्यात एक बालनरसू होता.
एवढंच.
तसले हात मी रात्री बांधते,
शिरल्याची जागा लहान, निघाल्याची मोठी.
म्हणून पुढचं मीही विचारलं नाही.

थांबू दे, म्हणाले. बरोबर आहे ते.
आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले,
गाडीला सोबत.

लाइट आली तेव्हा ऊन उतरलं होतं.
बेचाळीस टक्के. पुरतात.
कडक भाकरी, शेंगाचटणी डब्यात घेऊन
साडेसातला निघाले.
गल्लीतला शेवटचा माग खडखडत होता,
त्यात माझ्या गाडीचा आवाज कुणाला येणार.
कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी अजून टेकलेली.
वर कुणी नव्हतं.
खाली ओट्यावर एक माणूस
कुणीतरी दिलेलं ताक पीत होता,
दोन्ही हातांनी
ग्लास धरून.