शेवटचे सात सेकंद

पॅरिसच्या जुन्या स्वरपट्ट्यांचा एक डबा,
फोटोत दोन गंजलेल्या.
लिलाव संपणार रात्री अकरा बावन्नला.

दिवसभर मी तिकडे फिरकत नाही.
आधी बोललं की भाव चढतो,
हे जुन्या बाजारात शिकलो, बुधवारचं,
वस्तूकडे न बघता वस्तू बघायला.

नारायण पेठेतलं दुकान अर्धं ओढून
पेटीच्या भात्याला कापड चिकटवत बसतो,
फोन सरसाच्या डब्याला टेकवून.

तो येणारच. र, तीन फुल्या आणि सात,
एवढंच त्याचं नाव.
रक्कम कायम एकावर संपते,
आहेराच्या पाकिटासारखी:
बाराशे एक, दोन हजार एक.
मी वर तीन रुपये ठेवतो.
चार डबे असेच नेले त्याच्या हातचे,
शेवटच्या सात सेकंदांत.

आज सातावर बोट टेकवलं
तर बोटाला सरस.
काच ओळखच देईना.
पुसलं लेंग्याला, पुन्हा टेकवलं.
तीन. दोन.

गेला. तीन हजार एकला.

भाता तसाच उघडा राहिला.
त्या दोनांतला एक मंद्र धैवत आहे,
घासू नकोस म्हणावं, जीभ तुटेल,
रॉकेलात ठेव रात्रभर.

पण फुल्यांना निरोप कसा धाडायचा?