बारगीर

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागं, जिना चढून
धनपाल चौगुल्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट.
बावीस टाइपरायटर आणि एक कॉम्प्युटर,
त्याला सोफ्याच्या उरल्या कापडाचं शिवलेलं कव्हर.
शनिवारी क्लास सुटला की कव्हर निघायचं.
पाच रुपये, अर्धा तास.
फ्लॉपीवर निळ्या शाईत: ड्रॅगन. हात लावू नये.

ड्रॅगन म्हणजे मोजून एकोणीस हिरवे ठिपके.
पंख वर, पंख खाली, एवढीच दोन चित्रं,
मधलं आपण भरायचं.
आग म्हणजे तीन ठिपके आणि एक टिर्रर्र.
डोंगर म्हणजे ओळीनं मांडलेले त्रिकोण,
त्यातल्या एकाला आम्ही दंडोबा म्हणायचो.
उजवीकडून दुसरा यायचा. तोही एकोणीस ठिपक्यांचाच.
त्याच्यावर कोण बसलंय, दिसायचं नाही.

नियम कुणी सांगितले नाहीत, हरून हरून कळले.
जो वर, तो जिवंत.
सारखे पंख मारले की जनावर दमतं,
दमलं की धोंड्यासारखं खाली येतं.
आणि आग ओकायची तर आधी उतरून पाणी प्यायचं,
हे असं का, ते सरांनाही सांगता आलं नाही.

मी बटणं बघून उडवायचो, आणि मरायचो.
जरीना बारगीर स्क्रीनकडं बघून उडवायची.
मिनिटाला चाळीस शब्द टायपायची ती,
बोटांना आपापली घरं पाठ.
'ए'वर करंगळी: वर. अंगठा आगीवर.

एकदा मी म्हणालो, आपला ड्रॅगन.
"आपला कुठला? सरांचा.
घोडं स्वतःचं, तो शिलेदार.
घोडं सरकारचं, बूड आपलं, तो बारगीर.
आमच्या आडनावातच लिहिलंय की रं.
अर्धा तास झाला की उतरायचं."
आणि उतरायची. घड्याळ न बघता.

मशीन बंद केलं की स्कोअर पुसला जायचा,
म्हणून सर तो फळ्यावर लिहायचे,
'ए एस डी एफ'च्या धड्याखाली, खडूनं.
जरीना, एक्केचाळीस हजार दोनशे.
मग बरीच मोकळी जागा.
मग आम्ही.

मार्चमधला शनिवार. सोमवारी तिची परीक्षा.
पाचला लाइट जाणार, हे सगळ्या मिरजेला माहीत.
पाचला सहा कमी असताना तिघं आले,
तिघं एकदम कधी यायचे नाहीत.
ती पळाली नाही. वर गेली.
दंडोबा सुटला, ढगाचा एकुलता ठिपका सुटला,
स्कोअरच्या आकड्यांतून आरपार
आणि वरच्या काठातून बाहेर.

स्क्रीनवर ती नाही.
तिघं जागच्या जागी पंख मारतायत, बावचळलेले,
आणि स्कोअर वाढतोय. बेचाळीस. त्रेचाळीस.
"कुठाय?"
"वर." करंगळी तशीच दाबलेली.
"वर काय आहे?"
"गप. बघू दे."

लाइट गेली.
सगळं आकाश मधोमध एका ठिपक्यात आकसलं, विझलं.
पंखा चार चकरा उधारीवर फिरला.
सर खडू घेऊन उभे: किती लिहू?
"झालं नाही अजून," ती म्हणाली, चप्पल शोधत.
सरांनी नाव लिहिलं. पुढं आकडा घातला नाही.

ती पास झाली, इचलकरंजीत सूतगिरणीच्या ऑफिसात लागली,
त्यापुढचं मला ठाऊक नाही.
मशीन सांगलीच्या एका हळद अडत्यानं नेलं,
फ्लॉपीसकट.

परवा मुलाच्या लॅपटॉपवर तो खेळ उतरवून घेतला.
फुकट. वेळेचं बंधन नाही. लाइट गेली तरी बॅटरी आहे.
आता मी शिलेदार.
'ए' दाबून धरली. दंडोबा सुटला. आकडे लागले.
काठ चार बोटांवर असताना
माझीच करंगळी सैल पडली, का ते विचारू नका.
जनावर दमलेलं. धोंड्यासारखं खाली.
कसंबसं पाण्याला टेकवलं.

उजवीकडून दुसरा आला. एकोणीस ठिपके.
त्याच्यावर कोण बसलंय, चष्मा वर करून बघत राहिलो.
तेवढ्यात त्यानं जाळलं.