नक्कल

रविवारी लॅब बंद असते.
टिळकवाडीच्या पहिल्या गेटापासून बाबा चालत आले,
पिशवीत फणसाचे गरे, जुन्या स्टॅम्पपेपरात बांधलेले.
मी त्यांच्या गालाच्या आतून
काडी फिरवली, काचेवर पुसली,
वर निळ्या औषधाचा एक थेंब.

चष्मा कपाळावर ढकलून भरमाणी मष्णू बिर्जे,
खानापूरच्या तहसील कचेरीबाहेर
बत्तीस वर्षं अर्ज लिहिणारा माणूस,
स्वतःच्या आत वाकला.

"ही काय गे, फुटक्या पापडासारखी?"
पेशी.
"आणि मधी हा शाईचा डाग?"
केंद्रक. म्हणजे तुमची रेकॉर्ड रूम.

ते हसले. रेकॉर्ड रूम त्यांना पाठ.
मूळ कागद उंबऱ्याबाहेर येत नाही.
अर्ज करा, स्टॅम्प लावा, नक्कल न्या.
इथंही तसंच, मी म्हटलं.
डीएनए आतच राहतो.
हव्या त्या पानाची नक्कल भिंतीतल्या भोकातून बाहेर पडते,
आणि बाहेर बाकड्यावर एक जण बसलेला असतो,
तीन-तीन अक्षरं वाचत,
त्या भाषेतून ह्या भाषेत
एकेक मणी ओवत प्रथिन करणारा.

"बाहेर बाकड्यावर," बाबा म्हणाले.
हो.
"कानडीतनं मराठीत."
तसंच म्हणा.
"पानाला किती घेतो?"

मग उलटतपासणी.
साहेब कोण? ऑर्डर कोण काढतो?
पुस्तकात लिहिलंय, केंद्रक हुकूम देतं.
पण बत्तीस वर्षं कचेरी बघितलेल्या माणसासमोर
ते वाक्य माझ्या जिभेवर टिकेना.
साहेब नाहीच, बाबा.
पोटात भाकरी पडते, बाहेरून सांगावा येतो,
एक गाठ सुटते, एक पान उघडतं.
बाकीचं दप्तर लाल फडक्यात बांधलेलंच.
डोळ्याच्या पेशीतही नखाचं कलम आहे,
फक्त तिथं ते कुणी मागत नाही.

"आणि चूक?"
हे त्यांनी हळू विचारलं.
कणकुंबीच्या एका बाईच्या अर्जात
त्यांच्या हातून सर्व्हे नंबरातला एक आकडा सुटला होता.
दुरुस्तीला अकरा वर्षं.
तेव्हापासून ते ओळीखाली बोट ठेवून दोनदा वाचतात.
होतात चुका, मी म्हटलं.
तपासणारे असतात, खोडून पुन्हा लिहितात.
तरी एखादी राहते.
"राहिली तर?"
बहुतेकदा काहीच नाही.
कधीकधी माझ्याकडं काच येते,
सोमवार ते शनिवार.

"सगळ्यांकडंच असते काय रेकॉर्ड रूम?"
नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी ती टाकून देतात,
तेवढीच जागा होते,
आणि दारोदार प्राणवायू वाहतात.
"म्हणजे आमच्यासारख्या. किती टिकतात?"
एकशेवीस दिवस,
मी बोलून गेले.
ते गऱ्यातली आठळी काढत राहिले.

"तुझ्यात माझं किती?"
अर्धं. अर्धं आईचं.
आई बैलहोंगलची,
अजून झोपेत कानडीत पैसे मोजते.
दोन्ही प्रती पेशीपेशीत शेजारी-शेजारी,
कुठल्या ओळीला कुठली लागू
ते तिथल्या तिथं ठरतं.
बाबांनी भिंगातून डोळा काढला.
"कोर्टात जाऊ नका म्हणावं."

सव्वापाचची बस होती.
ते निघाल्यावर मी काच नळाखाली धरली.
बाबा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत,
विना अर्ज, विना स्टॅम्प,
निळे होऊन मोरीत गेले.

खिडकीतून दिसलं,
गेट पडलेलं, मालगाडी लांब,
आणि ते फाटकाशी उभे,
हवेत बोट ठेवून
काहीतरी दुसऱ्यांदा वाचत.