बादलीत तरंगतात ते

किनाबातांगानच्या वळणावर
चुनखडीचा एकच डोंगर उरलाय.
बाकी चहूकडे तेलताडांचे मळे,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेसारखे.
डोंगराच्या पायथ्याशी रोस्मिदा
खुरप्याने पालापाचोळा खरवडते,
पोतं पाठीवर टाकून धक्क्यावर आणते,
बादलीत ओतते, ढवळते.

मग नुसतं थांबायचं.
माती तळाला जाते, खडे जातात.
वर येतात काटक्या, मुंग्यांचे पंख,
आणि पोटात अजून थोडी हवा धरून असलेले
रिकामे शंख.
मेलेले तरंगतात, जिवंत बुडतात.
पहिल्या दिवशी तिला हे उलटं वाटलं होतं.

तिचा बाप, आंब्रिन,
वेताच्या शिडीवरून गुहेच्या छताशी जायचा,
पाकोळ्यांची घरटी उतरवायचा.
जन्मभर वर बघून मान आखडली.
ही दिवसभर खाली बघते.
"आज काय सापडलं?"
ती चहाची गाळणी पुढे करते.
"खसखस!" म्हातारा म्हणतो,
आणि ओटीवर खसखस पिकते.

ओल्या ब्रशच्या टोकाने एक उचलून
ती भिंगाखाली ठेवते.
सुईच्या नेढ्यातून असे दोघे जातील
एकमेकांना धक्का न लावता.
तरी साडेचार वेढे.
तरी प्रत्येक वेढ्यावर बरगड्या.
आणि तोंड, शेवटी एकदम वर वळलेलं,
कर्ण्यासारखं पसरट.
एवढ्याशा जिवाला
एवढ्या मोठ्याने काय सांगायचं असेल?

बापाला बोलावते.
तो नको तो डोळा मिटतो, मग दुसरा.
बराच वेळ काही बोलत नाही.
वेढ्यांवरून बोट फिरवावं तशी
हवेत करंगळी फिरवतो.
"गोल जिना आहे," म्हणतो.
"कोण चढायचं?"

दुपारी नदीपलीकडे सुरुंग उडतो.
तिथलाही डोंगर चुनखडीचाच होता,
त्याचं आता सिमेंट होतं.
बादलीतलं पाणी शहारतं,
शंख कडेला जाऊन चिकटतात.
तिथे कोणी बादली भरली नव्हती.

कोटा किनाबालूहून बाई फोन करतात :
हा अजून कोणाला माहीत नाही,
नाव सुचव.
बापाचं द्यावं का? तो म्हणतो,
माझं कशाला, मी काय एवढासा आहे?

रात्री ती बॅटरी घेऊन एकटीच जाते.
ओल्या कातळाला नाक लावून उभी राहते,
श्वास रोखून,
कारण तिचा श्वास म्हणजे त्याला वादळ.
शेवाळावर एक कण सरकला.
म्हणजे, सरकला असावा.
तोवर तिचा श्वास सुटला होता.