रॅकचा हिशेब

मेकनजवळच्या शेडमध्ये एकोणीसशे अकराचा डबा उभा आहे,
चाकांना लाकडी ठोकळे लावून.
आत ल्यूशस पेटवे, वय चौऱ्याहत्तर,
भिंतीचा हिरवा रंग तापवून सोलतोय.
हिरव्याखाली पिवळट, त्याखाली तपकिरी,
आणि पार तळाशी महोगनी,
उकळून झालेल्या चहापत्तीसारखी.

मी खुर्च्या शिवते.
जुन्या गाद्यांतून घोड्याचे केस निघाले,
एक आकडा, शेंगांची टरफलं,
कुणाचा तरी दुधाचा दात.
सगळं नंबर घालून डबीत ठेवलंय.
पुढच्या भागाला मखमल, मागच्याला वेत.
नकाशात तसंच आहे.

पितळी रॅक टॉबिनकडे.
तो ओरडून सांगतो, "पुढे आठ बसले,
मागे सहा नवीन ओतून घ्यावे लागतील.
पण इथे स्क्रूची भोकंच सापडत नाहीत.
कुणी बुजवलीत एवढी बेमालूम?"

ल्यूशस चष्मा कपाळावर सारतो.
खिडक्यांवरच्या पट्टीवरून बोटं फिरवतो,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
घाई नाही.
"बुजवली नाहीत. पाडलीच नव्हती."

टॉबिन खाली बघतो.
फरशीत मधोमध आडवी खाच आहे,
उद्या तिच्यात भिंत बसायची आहे.
ओकची. ल्यूशसनेच केलेली.
तिचं दार नीट मिटतं का, त्याने चारदा पाहिलंय.

दारावरची पाटी कोण रंगवणार,
या प्रश्नावर मीटिंगमध्ये सगळे गप्प झाले होते.
मीही. खिशातलं रीळ चाचपत.
शेवटी तोच म्हणाला, "द्या इकडे."
'कलर्ड'. इंग्रजीत सात अक्षरं.
एकही वाकडं नाही आलं.

"आई माझी सवानाला जायची," तो आता सांगतो,
टॉबिनला की पट्टीला, कळत नाही,
"शिवणयंत्र मांडीवर घेऊन.
उतरली की म्हणायची,
पाय गाडीतच राहिले गं बाई, कुणीतरी आणा.
आम्ही हसायचो."

मग पुन्हा कामाला लागतो.
"रॅक मागवू नकोस.
पॉलिशचे मात्र तीन हात.
इकडेही."

जेवणाच्या सुट्टीत टॉबिन मागच्या वेतावर बसायला आला.
खांद्यावरची अवजारांची पिशवी काढली,
न बघता हात वर नेला,
आणि तो तिथेच राहिला,
पिशवीसकट,
जरा वेळ.