दावं

रुवीहून निघालो तेव्हा मीटरवर
एक्केचाळीस हजार दोनशे सहा.
लिहून ठेवलं, कारण सूरच्या खमीसला
फोनवर एक्केचाळीसच सांगितले होते
आणि वाटेतले किलोमीटर कुणाच्या नावावर धरायचे
ते ठरलं नव्हतं.

व्हिसाचे अकरा दिवस राहिलेत.
पलंग गेला, फ्रिज गेला,
मिक्सर शिजूच्या बायकोनं नेला.
गाडी तेवढी उरली.
टेम्पोत घालून पाठव, शिजू म्हणाला, वीस रियालचं काम.
मी म्हटलं, बघतो.
माझं ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’,
हे आता मल्याळीतही कळतं.

कुरियात मागे पडलं की
डाव्या हाताला समुद्र येतो
आणि मग जातच नाही.
मी परांड्याचा. आमच्याकडे पाणी खाली असतं,
फुटांत मोजतात:
साडेतीनशे, चारशे ऐंशी, नुसती धूळ.
आडवं पाणी मी चोविसाव्या वर्षी पाहिलं, इथंच,
कंपनीच्या बसच्या काचेतून,
आणि पहिला विचार हा आला
की एवढं सगळं उघडं कसं टाकलंय.

फिन्सपाशी डांबर सोडून खाली उतरलो.
पांढरे गोटे. तुरटी फिरवल्यासारखं नितळ पाणी.
एक बकरी खोक्याचा पुठ्ठा खात होती,
‘नाजूक माल’पर्यंत आली होती.
मी डबा उघडला. तिनं वासही घेतला नाही.
सोळा वर्षं मीच रांधलेला वरणभात,
तिचं काही चुकलं नाही.

हेल्मेटच्या आत माणूस मोठ्यानं बोलतो.
शंभरच्या वर ते त्याचं त्यालाही नीट ऐकू येत नाही.
मी बोललो. ग्रॅच्युइटीचं बोललो.
अंजूच्या लग्नाला गेलो नाही, त्याचं बोललो.
ज्या साहेबानं कायम माझं नाव चुकीचं घेतलं
त्याला खरं नाव ऐकवलं,
दोनदा, काना-मात्रेसकट.
टिवीच्या अलीकडे कधीतरी बोलणं संपलं.
मग चाळीस किलोमीटर
नुसता वारा आणि साखळीचा आवाज,
एका बाजूला डोंगराची उघडी हाडं
आणि दुसऱ्या बाजूला ते.
ते चाळीस मी खमीसला विकलेले नाहीत.

खमीस बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
त्यानं मीटर पाहिलाच नाही.
टाकीवर तळवा ठेवला, डोळे मिटले,
बार्शीच्या बाजारात आजा
बैलाच्या वशिंडावर ठेवायचा तसा.
“थकलीय,” म्हणाला, “पण खोटं बोलत नाही.”
ठरल्यापेक्षा पंधरा रियाल कमी दिले
आणि जेवायला बसवलं.
त्याचा धाकटा, सलीम, तोवर गाडीवर चढून
तोंडानं हॉर्न वाजवत होता.
मुल्कियावर सही करताना
माझा हात उगाच सावकाश चालला.

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत.
रिकामं दावं घेऊन माणूस घरी येतो
आणि खुंटीला टांगतो, काही न बोलता.
हे अरबीत सांगायला मला शब्द नव्हते.
हेल्मेट नुसतं छातीशी धरून उभा राहिलो.
खमीसनं पाहिलं. आत गेला.
बाहेर आला तो दोन्ही ओंजळी भरून.
रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं,
हे त्यांच्याकडेही असावं.

परतीच्या बसमध्ये समुद्र उजवीकडे.
मांडीवर हेल्मेट,
हेल्मेटमध्ये काठोकाठ सुकट.
माझ्या सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावला नाही.
सगळ्या बसभर वास सुटलाय.
पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं वळून पाहिलं,
आधी हेल्मेटकडे, मग माझ्याकडे,
आणि हात पुढे करून
त्यातली एक उचलली.