शेवटचं टोक

आमचा उन्हाळा सुरू होतो दातदुखीच्या संताच्या गावी
आणि संपतो, डोंगरात द्राक्षं तोडायला घेतात तेव्हा,
वादळातल्या होड्या सांभाळणाऱ्या देवमातेपाशी.
मधे एकोणीस गावं. एकोणीस चर्चांपुढची मैदानं,
सगळी उताराची.
मी चाकाखाली फळ्या सरकवते,
आई काउंटरवर लिंबू ठेवते.
लिंबू गडगडलं की अजून एक फळी.

ब्रागाच्या पलीकडच्या ह्या गावात
कमिटीने ह्या वर्षी आमची जागा बर्गरवाल्याला दिली,
आम्हाला दफनभूमीच्या भिंतीलगतची.
'लाइट आहे तिथे,' सिन्योर इलीदियु म्हणाले.
लाइट होती.
गिऱ्हाईक सगळं भिंतीच्या आत झोपलेलं.

बाबा काही बोलले नाहीत. पीठ घाटलं,
हातभर लांब सोऱ्या खांद्याला टेकवला
आणि तेलात वेटोळं सोडलं,
आतून बाहेर, बाहेर, आणखी बाहेर,
कढईच्या काठाला न शिवता.
फार्तुरा हे असं एकच मोठं वेटोळं असतं.
त्याला उलटतात दोन काठ्यांनी
आणि कात्रीने कापतात गरम असतानाच.
कात्री माझ्याकडे असते.

रात्री अकरानंतर लोक भिंतीपर्यंत पोचले.
बँडवाले आधी, भोंगे काखेत धरून,
मग ऑगस्टातली माणसं:
परदेशी नंबरप्लेटच्या गाड्या, मुलांशी फ्रेंच,
आईबापांशी मोठ्या आवाजातलं पोर्तुगीज.
आकाशात बार उडाले. बाबांनी मान वर केली नाही.
तीस वर्षं ते आतषबाजी पाहतात ती तेलातच.
वर फुटलेलं खाली हिरवं होऊन थरथरतं
आणि ते म्हणतात, तापलं.

रांगेत आठवा तेल्मु होता.
पांढरे बूट. पोट सुटलेलं थोडं.
चार वर्षांपूर्वी, सहाव्या जत्रेच्या पहाटे,
तो कात्री खिळ्याला अडकवून लक्झेंबर्गला गेला,
फरशा बसवायला.
तेव्हा बापलेकांत काय झालं ते जनरेटरच्या घरघरीत
मला अर्धंच ऐकू आलं. तेवढं पुरलं.

आईने सगळ्यांना विचारते तसंच विचारलं, किती?
सहा.
साखर?
दालचिनीसकट.
त्याने वीसची नोट दिली. तिने सुटे परत दिले,
नाणं नाणं मोजून, त्याच्या तळहाताला बोट न लावता.
मग तो म्हणाला,
'आणि शेवटचं टोक.'

वेटोळं संपतं तिथे बोटभर निमुळतं टोक राहतं,
जास्त तळलेलं, जवळजवळ करपलेलं.
ते विकत नाहीत. ते मागायचं असतं
हे बाहेरच्या कुणाला ठाऊक नसतं.
लहानपणी आम्ही त्यासाठी एकमेकांचे केस उपटले आहेत.

बाबांची पाठ थांबली.
सोऱ्याच्या तोंडाशी पीठ लोंबत राहिलं, पडलं नाही.
'काळं पडतंय,' ते कढईला म्हणाले. 'कात्री घे.'

कात्री माझ्या हातात होती.
चार वर्षांचा घट्टा अंगठ्याच्या मुळाशी.
मी ती काउंटरवर ठेवली, लिंबाशेजारी,
ऍप्रन तसाच ठेवून मागच्या दाराने उतरले.
पांढरे बूट माझ्या जागी चढले.

कित्येक दिवसांत आमचा ट्रेलर मी
पुढून पाहिला नव्हता.
वर बल्बांच्या माळेत बाबांचं नाव,
त्यापुढे 'आणि मुलगा'.
'मुलगा'वरचे दोन बल्ब गेलेले.
नवे दोन्ही माझ्या ऍप्रनच्या खिशात होते,
जूनपासून, साखरेने चिकट झालेले.

लावायला स्टूल लागतं.
स्टूल आत होतं
आणि आत तिघांपुरतीच जागा.

मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे नऊ माणसं,
एक पेंगुळलेलं पोर बापाच्या खांद्यावर.
आईने खाली बघतच विचारलं, किती?